फुंकलेला सांधा

तार आणि पिन जोडायच्या दोन रीती आहेत. एक, कथील वितळवून डाग द्यायचा. दुसरी, पिनेच्या नळीत तार सरकवून नळी पकडीनं अशी दाबायची की तांबं आणि पितळ एकजीव व्हावं. पहिली रीत माझ्या बायकोची, दुसरी माझी. रूसे गावातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, लोणच्याच्या बरण्या आणि भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बाटल्यांमध्ये बसून आम्ही या एका विषयावर जन्मभर भांडलो. बाकी कशावर फारसं भांडल्याचं आठवत नाही.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो. गाडी गेली की रुळाकाठच्या पेटीतली प्रत्येक तार थरथरते, आणि डाग दिलेली तार कथील जिथं संपतं तिथंच तुटते. म्हणून सिग्नलमध्ये सगळं दाबाचं. नेवेना रेडिओच्या कारखान्यात डाग देणाऱ्या बायकांच्या रांगेत बसायची. तिच्या मते पकडीनं दाबणं म्हणजे आळशी पुरुषांची सोय. कारखाना बंद पडला, मीही निवृत्त झालो, तेव्हा आम्ही घरीच आवाजाच्या केबल करायला लागलो. लग्नाचे बँड, वाचनालयाचा हॉल, जुन्या तबकड्या ऐकणारी हौशी मंडळी, असं आमचं गिऱ्हाईक. डागाची हवी असेल तर नेवेना, दाबाची हवी असेल तर मी. मात्र शेवटचा हात दोन्हींवर तिचाच. सांध्यावर स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पातळ नळी, चढवून ती गरम हवेनं आवळायची आणि टोकांना लोकर बांधायची, उजव्याला लाल, डाव्याला पांढरी. मार्च लागला की आम्ही सगळे मनगटाला बांधतो ती लाल-पांढरी लोकर ती वर्षभर जपून ठेवायची, केबलींसाठी.

तिची एक खोड होती. डाग दिला की ती त्यावर फुंकर मारायची. दोन आखूड, एक लांब, आणि मग जिभेनं बारीकसं 'टक्', म्हणजे जमलं. हे चूक आहे. कथील आपोआप निवू दिलं तर चकचकीत राहतं आणि सांधा धड होतो. फुंकलं तर राखाडी, आंधळं होतं. मी हे तिला किती वेळा सांगितलं असेल.

"फुंकू नकोस गं."

"सूपावर फुंकते. पोरीच्या गुडघ्यावर फुंकत आले. तुझं कथीलच तेवढं नाजूक होय रे?"

"सांधा राखाडी होतो."

"तुझे केस झाले, मी काही म्हटलं का?"

फेब्रुवारीत फुप्फुसांच्या आजारानं तिला नेलं. शेवटी शेवटी दवाखान्यात तिला बोलता येत नव्हतं, होता नव्हता तेवढा जोर श्वास ओढण्यातच जायचा. अर्धा आत यायचा आणि कुठंतरी अडकायचा. ती माझ्याकडे बघायची आणि मी खिडकी उघडायचो, जसं काही हवाच कमी होती. गेली तेव्हा तिचा फोटो असलेली सूचना इमारतीच्या दारावर चिकटवली. आमची मुलगी गेर्गाना वार्नाहून आली होती. तिनं आईची डाग द्यायची सोल्डरगन शवपेटीत तिच्या हाताशी ठेवली. मी म्हटलं, असं कुणी ठेवतं का. ती म्हणाली, लोक चष्मे ठेवतात, सिगारेटी ठेवतात, बाबा, तुम्ही मधे पडू नका. पाद्रीबुवांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. गन तिच्याबरोबर मातीत गेली.

त्यानंतर मी घरातल्या सगळ्या टेपा काढून ऐकल्या. आमच्याकडे इतके मायक्रोफोन, इतकी यंत्रं, अर्ध्या गावाची लग्नं आमच्याकडे ध्वनिमुद्रित होऊन पडलेली. आणि नेवेनाचा आवाज एकाही टेपवर नाही. मायक्रोफोन तपासताना 'एक, दोन' म्हणायची ती तीच, पण ते आम्ही नेहमी पुसून टाकायचो. तिच्या आवाजाचं माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं. माझं घर त्या दिवशी खरं रिकामं झालं.

चेरीला मोहोर आला होता तेव्हा इल्को आला. इल्को लग्नात अकॉर्डियन वाजवतो, तोंडाचा पट्टा त्याहून जोरात चालवतो. त्या दिवशी मात्र दारातच घुटमळला. हातात गुंडाळलेली केबल, टोकाला लाल लोकर.

"काका, राग मानू नका. काकूंची ही केबल श्वास घेते."

"भणभणत असेल. जमिनीची तार बघ."

"भणभण मला कळते की हो. दोन गाण्यांच्या मधे शांत झालं की कुणीतरी फुंकर मारतं. नवरीची आत्या म्हणाली, मायक्रोफोनमध्ये कोण आहे? नाचायचं थांबले लोक."

"पिऊन होते ना सगळे?"

"मी नव्हतो," तो म्हणाला. "हेच तर दुःख."

तो गेल्यावर मी केबल तपासायला घेतली. असल्या गोष्टींना कारण असतं. फुंकून राखाडी झालेला सांधा कधीकधी आपसूक रेडिओ पकडतो, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. खाली रस्त्यावरून ट्रॉलीबस जाते तिचाही खरखराट येतो. मी केबलीचं एक टोक अँप्लिफायरला लावलं. दुसरं मोकळं ठेवलं तर भणभण येणारच, म्हणून ते तारेच्या तुकड्यानं बंद केलं. केबल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं, म्हणजे रेडिओ आत शिरायला नको. मीटर लावून पाहिलं, सांधा निर्दोष. मग आवाज पूर्ण वाढवला.

स्पीकरमध्ये स्वच्छ शांतता होती. सकाळची वेळ, अंगणात कुणीतरी गालिचा झोडपत होतं.

मग दोन आखूड, एक लांब. आणि टक्.

मी स्टुलावर बसलो. गालिचा झोडपण्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही.

मी सिग्नलवाला माणूस आहे. दोष हाती लागेपर्यंत उघडत जायचं, एवढंच मला येतं. दुसऱ्या दिवशी मी ते टोक कापलं, सांधा करवतीनं उभा चिरला आणि भिंगाखाली धरला. राखाडी कथलाच्या आत खसखशीच्या दाण्याएवढी पोकळी होती, बाकी काही नाही. नवीन पिन लावून केबल परत जोडली. त्यात पुन्हा कधीच काही ऐकू आलं नाही. तळघरात मात्र दिवसभर राळेचा वास होता. डाग देताना राळेचा धूर निघतो तसा, ताजा. मी बरण्यांच्या मागे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. घरात सोल्डरगन नव्हती आणि राळेची डबी मी केव्हाच फेकून दिली होती.

त्यानंतर तिच्या हातच्या दुसऱ्या केबली त्याच तक्रारीनं येऊ लागल्या. हॉलमधली एक आली, शाळेच्या मास्तरांची आली. मी प्रत्येक ऐकली. पहिल्यांदा फुंकर स्पष्ट असायची, दुसऱ्यांदा जरा विरळ, आणि पुन्हा पुन्हा लावली की उरायची फक्त टक्, मग तीही नाही. ऐकलं की संपतं, इतकं साधं होतं ते. आणि तिकडे इल्कोचा बँड दर शनिवारी कुठल्याशा लग्नात माझ्या बायकोची फुंकर ढोलाच्या आवाजाखाली उधळत होता.

मी सायकल काढली आणि गावभर हिंडलो. डागाची केबल द्या, त्याबदल्यात दाबाची नवी कोरी घ्या, फुकट. लोक खूश. म्हातारा शेवटी जिंकला म्हणाले, बायको गेल्यावर का होईना. मी ऐकून घेतलं. एकेक केबल आणून तळघरात खिळ्याला टांगली, आणि कानाला लावली नाही. वर्षाला एकच ऐकायची, तिच्या वाढदिवसाला, असं ठरवलं. तेवढ्यात माझं उरलेलं आयुष्य निघालं असतं.

सहा महिन्यांच्या स्मरणाला गेर्गाना आली. कबरीवर आम्ही वाइन ओतली, उकडलेला साखरेचा गहू वाटला, आणि घरी आल्यावर ती चटणीची बाटली आणायला तळघरात उतरली ती वर येईना. मी खाली गेलो. ती खिळ्यांसमोर उभी होती.

"बाबा, आईच्या केबली तुम्ही परत का आणल्यात?"

मी जे होतं ते सांगितलं. ती हसेल, किंवा डॉक्टरचं नाव काढेल, असं वाटलं होतं. तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, "लावा."

मी एक लावली. दोन आखूड, एक लांब, टक्. गेर्गानाचा हात तोंडाशी गेला.

"परत."

मी परत लावली. मग ती म्हणाली, दुसरी. मी दुसरी काढून दिली. ऐकल्यानं काय होतं ते मी तिला सांगितलं नाही. कसं सांगायचं? पोरीला आईचा श्वास मोजून द्यायचा का? वार्नाला तिला कामावर निरोप गेला होता, आई जिवंत असताना ती पोचलीच नव्हती. कितीतरी वेळानं ती खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसली. चाळिशीची बाई ती, डोक्याला काळा रुमाल. तिनं स्कर्ट जरा वर सारला आणि आपला गुडघा स्पीकरच्या जाळीला टेकवला.

"लहानपणी पडले की आई इथंच फुंकायची," ती म्हणाली. "हवा लागते, बाबा. खरंच लागते."

मी पुढची केबल काढली. मी सगळ्या काढून दिल्या. खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं तेव्हा खिळे मोकळे होते आणि स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. गेर्गानाचा चेहरा रडून सुजला होता, पण फेब्रुवारीपासून पहिल्यांदा तो शांत दिसला. जाताना तिनं मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "सांभाळून ठेवा हं त्या. मी नाताळात परत ऐकीन."

मी हो म्हटलं. ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजाखाली रडलो, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. दुसऱ्यांदा मरण आलं होतं नेवेनाला, आणि या खेपेला मागं काहीही उरलं नव्हतं.

द्राक्षं उतरली तेव्हा इल्को पुन्हा आला. या वेळी केबलीला डागाचं टोक नव्हतं. माझीच होती, दाबाची, बरीच जुनी.

"हीसुद्धा, काका."

"शक्य नाही. ही माझी आहे."

"ते मी केबलीला सांगून पाहिलं."

मी ब्लेड घेतलं आणि स्लीव्ह उभी चिरली. माझा सांधा होता, पकडीची खूण स्पष्ट, सहा बाजूंची. आणि जिथं तार नळीबाहेर डोकावते तिथं कथलाचा एक थेंब होता. राखाडी, आंधळा. फुंकलेला.

मी दुसरं टोक चिरलं. तिथंही होता. घरात माझ्या हातच्या जेवढ्या केबली होत्या तेवढ्या चिरल्या, आणि प्रत्येकीत होता. मी दाबून तिच्याकडे सरकवायचो, स्लीव्हसाठी. त्याआधी, मी दुसऱ्या कामाकडे वळल्यावर, ती एक थेंब देत असणार. इतकी वर्षं मी छाती फुगवून सांगत आलो की माझी एकही केबल तुटून परत आलेली नाही.

"म्हणजे तुमची सगळी बढाई काकूंच्या कथलावर उभी होती की," इल्को म्हणाला.

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो, आणि हसता हसता त्या थेंबाकडे पुन्हा पाहिलं. माझ्यावर तिचा एवढाही विश्वास नव्हता, असं वाटलं. मग वाटलं, तसं नसेल. आपल्याकडून एक थेंब टाकल्याशिवाय तिला कुठलंच काम संपल्यासारखं वाटायचं नाही, माझंसुद्धा. इल्कोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याची केबल मी लावून ऐकली. चिरलेल्या, उघड्या सांध्यांतून फुंकर आली, अगदी विरळ. पुन्हा आली नाही. बाकीच्या मी आठवडाभरात ऐकून संपवल्या. धीर धरायला हवा होता, धरता आला नाही.

इल्कोला बदली केबल द्यायची होती. नवं तांबं आणलं, नव्या पिना आणल्या. दोन्ही टोकं दाबली, ओढून पाहिली, पक्की होती. संध्याकाळी डोळे दगा देतात म्हणून स्लीव्ह सकाळी चढवू असं ठरवून केबल तशीच उघडी टेबलावर ठेवली, तळघराला कुलूप लावलं आणि वर गेलो.

सकाळी कुलूप होतं तसंच होतं.

केबलीवर स्लीव्ह होती. आवळलेली, टोकांना लोकर. उजव्याला लाल, डाव्याला पांढरी.

राळेचा वास होता.

मी टोक बंद केलं. केबल डब्यात ठेवली. सगळं नेहमीच्या क्रमानं केलं. आवाज वाढवला.

फुंकर नव्हती.

श्वास आत ओढल्याचा आवाज होता. लांब, न अडकता, तळापर्यंत गेलेला. दवाखान्यात तिला असा एकही मिळाला नव्हता.

मी तो बाहेर यायची वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. तो आलाच नाही.

मग मी स्लीव्ह चिरली. माझ्या दाबाच्या सांध्यावर कथलाचा थेंब होता. मी बोट लावलं, तो कोमट होता. आणि तो राखाडी नव्हता. चकचकीत होता, त्यात खिडकी दिसत होती. जन्मभर सांगत आलो, फुंकू नकोस. शेवटी ऐकलं तिनं माझं.

इल्कोला मी दुसरी केबल दिली, दुकानातून आणलेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी एक केबल दाबून उघडी ठेवतो आणि सकाळी ऐकतो. रोज एकच श्वास, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा मोकळा. ऐकून मला फार बरं वाटतं. तळघरातून वर येताना मला आता प्रत्येक मजल्यावर थांबावं लागतं, कठड्याला धरून. गेर्गाना फोनवर म्हणते, बाबा, बोलताना तुम्हाला धाप लागते, डॉक्टरकडे जा. मी हो म्हणतो.

काल तार संपली म्हणून बाजाराजवळच्या दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, "मोठं रीळ न्या ना आजोबा, वर्षभर बघायला नको."

मी म्हटलं, "छोटं दे. पुरेल."